सुई हिरव्यावर आहे

ता. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा ट्रक चालू झाला. लष्कराच्या लिलावातलं ते धूड इतके महिने शेडमध्ये घोरत पडलं होतं, ते पहिल्याच दणक्यात जागं झालं. बोर्ड रंगवणारी पुतणी घरात असताना ट्रकला पोपडे का असावेत, म्हणून आधी तो आतून-बाहेरून रंगवला. काकूचा तो लाडका डायल तेवढा बाहेर काढून काच पुसली, त्याची लोखंडी बैठकही रंगवली. आता नेमका तोच रुसलाय. इंजिन मजेत गुरगुरतंय आणि व्होल्टमीटरची सुई लाल पट्ट्यात गाढ झोपलीय.

काकू गेली तेव्हा तुम्ही आठ दिवसांसाठी म्हणून आत्याकडे गेलात, त्याला आता वर्ष होत आलं. न्यायला येशील तर ट्रकनेच ये, दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. काय करू ते कळवा. घर खायला उठतं हो.

लोभ आहेच, तो या सुईसारखा पडू देऊ नये.

तुमची,
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सुई उठल्याशिवाय गाडी घाटात घालायची नाही. चार्जिंग होत नसेल तर ऐन वळणावर दिवे मान टाकतील. आधी दोन्ही बॅटऱ्यांची टोकं घासून लख्ख कर. घाई नको. बैठक मागूनही रंगवलीस का? सहज विचारतो.

काल दुपारी डोळा लागला आणि ट्रक आत्याच्या अंगणातून तरंगत गेला. आवाज नाही, चाकं जमिनीला टेकत नव्हती. तुझी काकू शेजारच्या सीटवर बसून दर वळणाला सांगत होती, सुई हिरव्यावर आहे. आमची वाटणीच होती तशी, मी रस्ता बघायचा आणि तिनं सुई. लष्करात एवढी वर्षं गाडी चालवली, पण इतका चोख साथीदार मिळाला नाही. जाग आली तर समोर आत्या चहा घेऊन उभी. मी तिला जरा थांबायला सांगितलं, काकूला उतरू दे म्हणून. ती बिचारी कप घेऊन थांबलीसुद्धा.

तब्येतीला जप.

काका


ता. १९ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न.

टोकं घासली, हात काळे झाले, सुई ढिम्म. हो, बैठक मागूनही रंगवली, चांगले दोन हात दिले. कामात कसूर करीन होय मी? पुढे काय ते लवकर सांगा. आत्यानं कळवलंय की तुम्ही ताटात अर्धं टाकता आणि दिवसभर खिडकीत बसून असता. मला ते ऐकवत नाही.

शेडमध्ये बसलं की मलाही गुंगी येते. संध्याकाळचं ऊन नव्या रंगावरून हळूहळू खाली उतरतं आणि ट्रक कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. मी आपली ब्रश धरून बघत बसते.

माया आहेच, पत्राला उशीर नको.

भिंगरी


ता. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का बघ. नसला तर एकेक वायर तपास. महिना लागला तरी हरकत नाही. माझा डावा पाय तसाही क्लच दाबेल असं वाटत नाही.

स्वप्नात ती अजून येते. सुई बघते आणि आता काहीच बोलत नाही.

काका


ता. ६ मार्च

ती. काकांस शि. सा. न.

पट्टा ठीक आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून मीटर मागून आणला आणि बॅटरीला लावला. चार्जिंग ठणठणीत. म्हणजे दुखणं डायलचंच. एक सुटी वायर घेऊन एक टोक डायलच्या पाठीला टेकवलं, दुसरं उघड्या लोखंडाला. सुई डोळे चोळत उठली आणि हिरव्यावर जाऊन बसली. डायलमधल्या विजेची परतीची वाट त्या बैठकीतूनच होती, आणि मी दोन हात रंग देऊन ती बुजवली होती. रंग खरवडला, झालं काम.

मग तुमचा तो प्रश्न आठवला. मागूनही रंगवलीस का, सहज विचारतो. सहज! काका, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मी चिडले, ट्रकमध्ये बसून रडलेही. रडता रडता लक्षात आलं की तुम्हाला यायचंच नाहीये. काकूची खोली मीही अजून उघडलेली नाही. घराला रंग हवा असताना मी ट्रक रंगवत बसले, ते उगीच का? या घराला तुम्ही एकटेच भीत नाही.

रविवारी न्यायला येते. नको असेल तर तसं स्पष्ट लिहा, वायरी तपासायला लावू नका.

भिंगरी


ता. ११ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. खरं सांगतो, भीती वाटते. दार उघडल्यावर उशीर का झाला म्हणून आतून कुणी ओरडणार नाही. सुई पडलेली होती तोवर माझं इथे बसून राहणं शहाणपणाचं दिसत होतं. तुला मात्र उगाच राबवलं, त्याचं वाईट वाटतं.

ये रविवारी. गाडी तूच चालव. शेजारची सीट झटकून ठेव, तिच्यावर रंगाचे डबे नकोत. तिथे मी बसेन. तू फक्त रस्ता बघायचा, डायलकडे नजर टाकायची नाही. सुई कुठे आहे ते दर वळणाला मी सांगत जाईन.

वाट बघतो.

काका