घरी वाचायचा धडा

कोल्हापूर,
दि. १४ डिसेंबर २००३

चि. राजशेखर यास अक्काचे आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. तुझं ब्लडप्रेशर खाली आलं, महादेवीचे गुडघे जिना चढू लागले आणि नवी जर्सी गाय सकाळचं अकरा लिटर देते हे वाचून आनंद झाला. (हा क्रम मी लावला. तू गाईपासून सुरुवात केली होतीस.) गाय वारणानगरहून आणताना डॉक्टरांना सोबत नेलंस, तिचं रक्त तपासून घेतलंस आणि मगच विसार दिलास, हे तू एकाच पत्रात तीनदा लिहिलं आहेस. तिन्ही वेळा वाचलं. माझी तब्येत उत्तम आहे. दात माझे आहेत, जीभही माझीच आहे आणि दोन्ही चालतात. शिवांजलीच्या लग्नात जावयाला अंगठी घालावी की घड्याळ, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर शेवटी देते. त्या लग्नाविषयी मला तुला दुसरंच काही सांगायचं आहे, पण ते एकदम सांगितलं तर तुझं ब्लडप्रेशर पुन्हा माडीवर जाईल. म्हणून आधी गेल्या रविवारी माझी काय फजिती झाली ते वाच. दुकानात वाचू नकोस, खताच्या पोत्यांवर बसून असली पत्रं वाचवत नाहीत.

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष चिमणाबाई तुला आठवत असतील (महादेवीच्या वड्यांना 'जरा कडक हाईत, पर चालतंय की' म्हणाल्या होत्या त्या). त्यांनी कुठल्याशा सभेत ऐकलं, की लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी आरोग्य शिबिर घ्यायचं असतं. झालं. माझ्या दारात येऊन म्हणाल्या, की बाई, तुम्ही एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकिवलंय, तुमच्याबिगर हे कोण निभावणार? मी लगेच हो म्हटलं. मला या विषयात पहिल्यापासून राग आहे आणि राग आलेल्या माणसाला काम दिलं की तो बिनपगारी करतो.

राग का, ते तुला कळायचं नाही. तू मुलगा होतास, तुला कोणी काहीच सांगितलं नाही. मला मात्र आप्पांनी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तिथे मला पद्धतशीरपणे काहीच सांगितलं नाही. सिस्टर ॲग्नेस यांनी मानवी शरीराच्या तक्त्याला पांढऱ्या कागदाचा परकर चिकटवला होता. त्यामुळे आमच्या समजुतीप्रमाणे माणूस बेंबीपाशी संपत असे आणि गुडघ्यापाशी पुन्हा सुरू होत असे. मधल्या मुलखाविषयी कोणी प्रश्न विचारला तर सगळ्या वर्गाला प्रार्थना म्हणावी लागे. (वत्सला नावाच्या एका मुलीमुळे आम्ही त्या वर्षी फार धार्मिक झालो.) लग्नाच्या आदल्या दिवशी संकेश्वरच्या मावशीनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, की घाबरू नकोस, सगळं आपोआप होतं आणि दुधात साखर कमी घाल. तुझ्या भावोजींना त्यांच्या मामांनी काय सांगितलं होतं ते त्यांनी मला पंधरा वर्षांनी सांगितलं. तेही चुकीचंच होतं.

आजची पोरं तरी शहाणी असतील अशी माझी भाबडी समजूत होती. ती शिकतात कुठून? एस.टी. स्टँडबाहेर सुतळी बांधून विकतात त्या पिवळ्या पुस्तकांतून, रत्नागिरी रस्त्याच्या भिंतींवर चुन्यानं लिहिलेल्या 'खात्रीशीर इलाजां'वरून, पडदे लावलेल्या इंटरनेट कॅफेतून, नाहीतर नुकतंच लग्न झालेल्या एखाद्या मित्राकडून, जो स्वतः दोन वर्षांपूर्वी याच तीन ठिकाणांहून शिकलेला असतो. मोटारसायकल चालवायची तर सरकार परीक्षा घेतं. इथे मात्र मांडव घातला की परवाना मिळाला.

तर शिबिर. कॉलनीशेजारच्या दूध संस्थेचा हॉल मिळाला. चिमणाबाईंनी मुलं आणि मुली यांच्यामध्ये मांडववाल्याचा झालरीचा पडदा लावला. तो पंख्याच्या वाऱ्यानं असा उडत होता, की ज्यांनी एरवी एकमेकांकडे पाहिलंही नसतं तेसुद्धा टक लावून बसले. पहिल्या रांगेत आया येऊन बसल्या, मेथी निवडत. कुणी बोलावलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, 'पोरी काय शिकत्यात ते बघाय नको?' व्याख्याते डॉ. हंबीरराव. त्यांनी चाळीस मिनिटं पालक, शेंगदाणे, गूळ आणि चारित्र्य यांवर भाषण केलं. विषय जवळ आला की ते पाणी पीत. दोन तांबे संपले, विषय आला नाही.

मग मी प्रश्नपेटी उघडली. ही माझी कल्पना. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, म्हणजे लाजायला नको. पेटी दूध संस्थेची तक्रारपेटी होती, ती कोणी आधी रिकामी केलेली नव्हती. त्यामुळे पहिली चिठ्ठी निघाली ती तीन वर्षांपूर्वीची, फॅट कमी लावतात म्हणून. डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिला दहा मिनिटं सविस्तर उत्तर दिलं. दुसरी चिठ्ठी वाचताना त्यांचे कान लाल झाले. तिसरी त्यांनी घडी करून खिशात घातली. चौथीला त्यांना एक सीरियस पेशंट आठवला आणि ते तीन चिठ्ठ्यांसकट निघून गेले. माईक माझ्या हातात राहिला.

आणि तिथे माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली. चिठ्ठीवर नाव नको असं मी तीनदा बजावलं होतं. पण त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या वह्या मी तपासलेल्या! अक्षर पाहिलं की नाव, हजेरी क्रमांक आणि सहामाहीचे गुण डोळ्यांपुढे येत. मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. तालमीत जाणारा आकाराम (बाहेर बोलू नकोस) खांबामागे सरकला, पण तो खांबापेक्षा रुंद आहे. त्याचा प्रश्न असा, की वस्ताद म्हणतात मैदान होईपर्यंत ब्रह्मचर्य पाळ, नाहीतर ताकद जाते. पण लग्न माघात आहे, मैदान चैत्रात आहे, तर मधे बायकोला काय सांगू? मी म्हटलं, ताकद जात नाही, खुराक आणि झोप सांभाळा, आणि बायकोला खरं ते सांगा. खांबामागून मोठा सुस्कारा आला. आठ चिठ्ठ्यांवरचं अक्षर मेथीवाल्या आयांचं होतं. एकीनं विचारलं होतं, की तीन मुलं झाली, पण हे नेमकं कसं होतं ते आज एकदा नीट सांगाच.

मला हसू येत होतं, रागही येत होता, आणि शब्द येत नव्हते. इंग्रजीतले सिस्टरनी शिकवले नाहीत. मराठीत एक तर पाठ्यपुस्तकातले, ते उच्चारताना जीभ मुरगळते, नाहीतर रस्त्यावरचे, ते उच्चारले तर चिमणाबाईंनी मला मेथीच्या जुडीनं मारलं असतं. मी घड्याळ पाहिलं. मलाही एखादा पेशंट आठवावा असं फार वाटलं. तेवढ्यात तळाची चिठ्ठी हाती आली. ती मी जशीच्या तशी उतरवते:

'बाई, दहावीत तुम्ही हा धडा घरी वाचा म्हणाला होता. आमच्या घरी तो कुणालाच येत नव्हता. आता माझं लग्न ठरलं आहे. त्यांचं आणि माझं दोघांचं रक्त तपासून घ्यावं असं मला वाटतं, एड्सचं इतकं ऐकतो म्हणून. हे घरात कुणाला सांगायचं?'

राजशेखर, मी सिस्टर ॲग्नेसना नावं ठेवत आले, पण त्यांनी निदान परकर चिकटवण्याचे कष्ट घेतले. मी एकतीस वर्षं श्वसन शिकवलं, पचन शिकवलं, बेडूक फाडला आणि प्रजननाचा धडा आला की खडू खाली ठेवून म्हटलं, हा सोपा आहे, घरी वाचा. एकतीस तुकड्या. त्यांतल्या काही समोर मेथी निवडत होत्या.

मी पडदा काढायला लावला. मागच्या फळ्यावर दुधाचे दर लिहिलेले होते ते पुसले, खडू घेतला आणि तो धडा शिकवला. सव्वा तास. पहिली पाच मिनिटं माझा आवाज लहान मुलीसारखा येत होता, मग बाईंसारखा येऊ लागला. रोग कसे होतात, कसे होत नाहीत, निरोध कशासाठी, तपासणी कुठे होते, आणि रिपोर्ट काहीही आला तरी औषधं आहेत, बोलता येतं, हे सगळं सांगितलं. मेथी तशीच राहिली. शेवटी चिमणाबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं आता राजीनामा मागतात. म्हणाल्या, 'बाई, हे तीस वर्षांमागं सांगितलं असतासा तर लई बरं झालं असतं की.' याला आभारप्रदर्शन म्हणतात. मग चहा झाला.

हकीकत ही एवढीच. महादेवीला, गाईला आणि तुला आशीर्वाद.

तुझी,
शांताअक्का

ता. क. : ती शेवटची चिठ्ठी शिवांजलीची होती. आठवीपासून पाच वर्षं माझ्याकडे राहून शिकली, तिचा 'श' मीच वळवून घेतला आहे. शिबिरापुरती आली होती, बुधवारी परत पाठवते. तिला रागावू नकोस. तू मलकापूरच्या पाहुण्यांचं घराणं पाहिलंस, आजोळ पाहिलंस, सिमेंटचं दुकान पाहिलंस, पत्रिका दोघांकडून तपासलीस. गाईला मात्र रक्त तपासल्याशिवाय गोठ्यात घेतलं नाहीस. मुलीनं तेवढीच बरोबरी मागितली आहे. तिचं रक्त शुक्रवारी देऊन आलो, मी सोबत होते, रिपोर्ट चांगला आहे. आता होणाऱ्या जावयाशी, श्रीशैलशी, तू बोलायचंस. हे मागण्यासाठीच एवढं पत्र लिहिलं.

ता. क. २ : तुझ्या हातून ते व्हायचं नाही हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं, म्हणून मीच मलकापूरला दुकानात फोन केला. (तुझी परवानगी गृहीत धरली.) चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, दोनच बोलले. पलीकडे त्यानं दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. लग्न मोडलं असं वाटून मी खुर्चीत बसले. मग तो हळूच म्हणाला, 'आत्या, माझा रिपोर्ट महिना झाला खिशात हाय. चांगला हाय. साखरपुड्याला पण घिऊन आलतो. दाखवायचा कुणाला, तेवढंच कळंना.'

ता. क. ३ : तो येत्या रविवारी तुमच्याकडे जेवायला येईल. जेवण झाल्यावर तू फक्त म्हण, 'बघू, काय आणलंय?' एवढं तीन शब्दांचं काम आहे, गाईच्या डॉक्टरांशी तू याहून जास्त बोलतोस. अंगठी घाल. घड्याळ नको, त्या मुलाला वेळ बरोबर कळते. सोबत त्या धड्याची झेरॉक्स पाठवते आहे. तुझ्या आणि महादेवीच्या नावानं आहे. घरी वाचा.