शेवटच्या प्रकरणातली फाशी

माय,

तू गेलीस तेव्हा मी अकोल्याच्या एका साप्ताहिकात खून, दरोडे आणि कोर्टाच्या बातम्या लिहीत होतो. आता अमरावतीला राहतो आणि खुनाच्या कादंबऱ्या लिहितो. महायुद्धामुळे कागद मिळत नाही, तरी प्रकाशकाचा तगादा थांबत नाही. बोटं दुखतात, डोळे चुरचुरतात, आणि एक संपली की दुसरी सुरू करतो. गल्लीतले लोक लेखक म्हणून ओळखतात. तुला याचं काय वाटलं असतं, सांगता येत नाही.

दर्यापूरकडची ती विहिरीत सापडलेली पोर आठवते का? पंचनामा पाहून मी थेट घरी आलो होतो. तू चुलीजवळ दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली आहेस आणि मी मोठ्या उत्साहानं सांगतो आहे: गळ्यावरचे वळ, फुटलेल्या बांगड्या, नवऱ्याला घातलेली बेडी. तू मध्येच विचारतेस, "तिची माय होती का तिथं?"

"होती. विहिरीच्या काठावर बसून होती."

"मंग तिचं लिह्यलं का?"

"पेपरात तेवढी जागा नाई रायत, माय."

"बांगड्यायले बरी जागा हाय!" एवढंच बोललीस आणि माझ्यापुढे ताट सरकवलंस.

खटल्याचा निकाल लागण्याआधीच तू गेलीस. साक्षीदार कोर्टात उलटले आणि नवरा सुटला. मी चार ओळींची बातमी दिली. मग त्या नोकरीत मन लागेना. ती सोडली आणि पहिली कादंबरी लिहिली, ती त्या पोरीवरच. गाव बदललं, नावं बदलली, आणि शेवटच्या प्रकरणात नवऱ्याला फासावर चढवलं. लोकांना तेच आवडलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पुस्तकात खुनी सापडतो.

गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारी दारात उभी राहिली. मी ओळखलं नाही.

"माया पोरीचं पुस्तक तुमीच लिह्यलं का? गावातल्या मास्तरनं सांगतलं मले."

तिला आत बसवलं, पाणी दिलं. "शेवट वाचून दाखवा," म्हणाली. मी वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मंग देली त्याले फाशी?"

"पुस्तकात देली, मावशी."

"हाव, पुस्तकातच. तो तं बजारात दिसते मले. दुसरी बायको केली त्यानं." मग म्हणाली, "अजून एक डाव वाचा ना, बाबू."

मी पुन्हा वाचलं. ती उठली, पदर सारखा केला आणि मोटार चुकेल म्हणून निघून गेली.

त्यानंतर मी ठरवलं, या खेपेला खुनी सुटेल, खरोखर सुटतात तसा. कादंबरी तशीच लिहीत आणली. काल शेवटच्या प्रकरणाला बसलो आणि त्याला बडनेऱ्याच्या फलाटावर पकडून दिलं. थकलो आहे, माय. शिवाय ती म्हातारी पुन्हा आली, तर तिला काय वाचून दाखवू?

हे पत्र टाकायचं तरी कुठं? घडी घालून ठेवून देतो. तुला म्हणून सांगतो, त्याला पकडताना मला बरं वाटलं.