सरकारमान्य रंभा एअर कंडिशन

३ मार्च, सकाळ
तळोज्याच्या नव्या टॉवरमधलं एसीचं काम आपलंच. चाळीस फ्लॅट! तिथल्या बिल्डरच्या ऑफिसातल्या सुनीता मॅडमची एकच अट. तीस एप्रिलपर्यंत इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं सरकारी लायसन्स दाखवा. नवरा वीस वर्षं एसी खोलतोय. लायसन्स म्हणजे काय, कागद. चार दिवसांत आणते.

५ मार्च
लायसन्सच्या सरकारी ऑफिसात गेले. साहेब साडेतीनला उगवला. गुमास्ता दाखवला, जीएसटी दाखवला. बोलला, ताई, हे दुकानाचं झालं. लायसन्सला परीक्षा पास सुपरवायझर लागतो. मी बोलले, नवरा डोळे मिटून गॅस भरतो. तर बोलला, डोळे उघडे ठेवणारा आणा. उद्धट मेला. मी शांतच होते. एवढंच विचारलं, तुमचा एसी टपकतोय तो कुठल्या परीक्षावाल्यानं बसवला?

६ मार्च
सून समीक्षा बोलली, आई, सुपरवायझरची परीक्षा मी पास हाय, माझं सर्टिफिकेट लावा. घ्या! घरात येऊन वर्ष नाय झालं आणि माझ्या धंद्याची सुपरवायझर. गाव बोलेल, सुनेच्या जिवावर कंत्राटदार झाली. नको म्हणून सांगितलं. गोड बोलून. नवरा म्हणतो ओरडून. त्याला ऐकू जास्त येतं.

१२ मार्च
पळस्प्याच्या नाक्यावर बॅनर लावला. वीस बाय दहा. मधे मी, नथ घालून. वर 'सरकारमान्य एसी कंत्राटदार'. खाली शुभेच्छुक, भाऊ, भाचे, जावई धरून अडतीस फोटो. नवरा बोलला, आधी मान्य तर होऊ दे. याला धंदा कळत नाय. समीक्षाच्या फोटोला जागा उरली नाय.

१५ मार्च
बॅनर काढून नेला. बॅनरलाही परवानगी लागते म्हणे! वर ऑफिसातल्या साहेबाचा फोन. ताई, तुम्हाला मान्य कोणी केलं? मेला रोज त्याच नाक्यावरून जातो. हे नवऱ्यानं आधी सांगायला नको?

२ एप्रिल
नेरे गावातला भाचा प्रितेश बंगल्यांत एसी लावतो. त्याचं सर्टिफिकेट मागितलं. बोलला, मावशी, मी आयटीआय नापास. पण तुझा बॅनर एक नंबर होता.

१८ एप्रिल
झुकले नाय. समीक्षाला फक्त बोलले, तुला एवढी हौस असेल तर लाव तुझं सर्टिफिकेट. ती बोलली, आई, ते एका वेळी एकाच ठिकाणी चालतं. पंधरा दिवस झाले, दुसऱ्या कंपनीत लावलं. नोकरीच लागली मला. तुम्हाला सांगायला आले होते, तुम्ही बोललात, नंतर.
आता नवऱ्याला बसवायला नवीन परीक्षा कधी म्हणून साहेबाच्या ऑफिसात विचारलं. दिवाळीनंतर बघू म्हणाले.

३० एप्रिल
चाळीस फ्लॅट समीक्षाच्या कंपनीला मिळाले. नवराही तिच्याच हाताखाली लागला, सकाळी सातलाच गेला. डबा विसरला. हा बहाणा बरा सापडला. म्हटलं, काम कसं चाललंय ते नजरेखालून घालावं, सुनीता मॅडमशी दोन शब्द बोलावे.
टॉवरच्या गेटवर वॉचमननं अडवलं. पास लागेल. पासवर सुपरवायझरची सही लागेल. अर्धा तास उन्हात उभी. मग समीक्षा पिवळं हेल्मेट घालून आली. बोलली, आई, आत या. तिनंच पासचा कागद भरला. नाव, रंभा. काम, डबा. खाली सही केली.
पास एकाच दिवसाचा हाय.