मांडीवरची पिशवी

नोएडा, १२ नोव्हेंबर

चि. सौ. अलका, अनेक आशीर्वाद.

आज सकाळी नाशिकहून परत आलो. घर झाडलं. दूध उद्यापासून एकट्यापुरतंच सांगितलं. गोदावरीवर सगळं नीट झालं, गुरुजींनी घाई केली नाही.

विमानाने का नाही गेलास, असं तू रागावून विचारलंस. माझ्या लेकाच्या, सुधन्वाच्या, अस्थी विमानतळावरच्या पट्ट्यावरून सामानासारख्या जाव्यात, हे मला नको होतं. एवढंच.

गाडीतलं मात्र फोनवर सांगितलं नाही. अस्थी जमिनीला टेकवायच्या नाहीत, म्हणून पिशवी मी दिल्लीपासून मांडीवर धरून बसलो होतो. समोर इटारसीचा एक लाकडाचा व्यापारी होता. त्याने पुरीभाजी पुढे केली, मी नको म्हटलं. ग्वाल्हेरच्या पुढे गाडी शेतात थांबली ती हलेचना. माझा डोळा लागला. म्हातारा अवघडलाय असं वाटून त्याने पिशवी अलगद काढून घेतली आणि बर्थखाली सरकवली.

जाग आली तेव्हा ती खाली होती. मी पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. ओठ फाटला, एक दात पडला. तो खाली कोसळला तरी मी मारतच होतो. लोकांनी मला ओढून काढलं. सुधन्वाला मी कधी साधी चापटही मारली नव्हती, तुला माहीत आहे.

लोक पोलीस बोलवा म्हणत होते. तेव्हा पिशवीत काय आहे ते मी सांगितलं. व्यापारी तोंडाला रुमाल लावून उठून बसला. गाडी तिथेच उभी. मग माझ्या शेजारी आला आणि दोन्ही हात पुढे केले.

"बाबूजी, बेटे को मुझे दीजिए. आप थोड़ा लेट जाइए."

मी दिली. इटारसी येईपर्यंत त्याने ती मांडीवरून हलवली नाही. मी आडवा पडून त्याला सगळं सांगितलं. गुरुग्रामच्या पार्किंगमध्ये गाडीला गाडी घासली, म्हणून त्या पोराने सुधन्वाच्या डोक्यात लोखंडी पाना घातला, तेही. इतकं सविस्तर मी तुलाही सांगितलेलं नाही. तोपर्यंत तोंड इतकं सुजलं होतं की त्याला बोलता येईना. तो ऐकत होता.

तू म्हणतेस, कोर्टात त्या पोराला राक्षस म्हण. जबाब मी देईन, त्यात काही कमी करणार नाही. पण तेवढा शब्द माझ्याने निघणार नाही. पहिल्या फटक्यानंतर दुसरा कसा बसतो, ते मला आता माहीत झालंय.

जाताना गाडीत घातलेल्या शर्टाच्या बाहीवर रक्त आहे. मशीनमध्ये टाकला नाही. बादलीत गार पाण्यात भिजत घातलाय. आता उठतो आणि साबण लावून हाताने चोळतो.

तुझाच,
दादा