सरकलेल्या रुपयाचं काय करायचं

नाय, आधी तुम्हीच मला सांगा, मरणाचा कागद लिहिला की माणूस मरतो हे कुठं लिहिलंय? तुम्ही पण आईच्याच बाजूचे दिसता. सत्तावीस वर्षांचं पोरगं, अजून लग्न नाय झालं, अन् मृत्युपत्र लिहितंय. लिहितंय. हृदयाची एक झडप नीट मिटत नाय, ती मुंबईच्या दवाखान्यात बदलायची आहे. दुपारच्या गाडीनं निघायचंय. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बहुतेक सगळे घरी परत जातात. पण मी नाणी जमवणारा माणूस. आमचं लक्ष नेहमी त्या 'बहुतेक'मधून बाहेर पडलेल्यांवर असतं.

तर मी, सांडू कचरू दाभाडे, राहणार मुकुंदवाडी, औरंगाबाद, धर्म बौद्ध, शिक्षण एम.ए. मराठी, नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मी लिहावं म्हणून कोणी धाक घातलेला नाय. लिहू नये म्हणून घालतंय, ती माझी आई मनकर्णाबाई. समोर बसून प्रवासाच्या दशम्या बांधतेय. पलंगावर माझा मित्र कारभारी भिकन सोरमारे बसलाय. तो त्याच कारखान्यात लेथ मशीनवर आहे. त्याचे लोक खुलताबादच्या वरच्या अंगाला मेंढरं राखतात, थोडी कोरडवाहू करतात. नाण्यांचं वेड आम्हा दोघांना सारखंच. आईला वाचता येत नाय, म्हणून लिहीन तसं मोठ्यानं वाचून दाखवतोय. उगं नंतर कोणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं.

कलम १. घर आईच्याच नावावर आहे, त्यामुळं ते तिला द्यायचा मला हक्क नाय. फक्त पुढच्या पावसाआधी पत्र्याच्या भोकांना डांबर लावून घ्यावं. बँकेतलं, फंडातलं जे असेल ते आईचं. तिथं वारस म्हणून तिचंच नाव आहे.

कलम २. सायकल साहेबरावमामाला. तोच माझ्यासोबत मुंबईला येतोय. सायकलीला ब्रेक लागत नाय, मामाच्या तोंडालाही नाय. जमेल दोघांचं.

कलम ३. एम.ए.च्या पदवीचा कागद कपाटात वरच्या फळीवर, गुंडाळलेला आहे. तो भिंतीवर लावू दिला नाय आईनं. "विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागंल तवा फ्रेम करू," असं म्हणते. बाप या नावापायी हर्सूलच्या जेलात राहून आला, तेव्हा मी शाळेत होतो. बाप गेला, नाव काही अजून लागलेलं नाय. लागलं तर नव्या नावाचा कागद मागून घ्यावा, त्याची फी भरावी आणि तो फ्रेम करावा. जुना मात्र फेकू नये. नाणी जमवणाऱ्याच्या घरात जुनं चलन पण ठेवतात.

कलम ४. माझ्या कथा. मासिकांतून परत आलेल्या आहेत तशाच पाकिटांत आहेत. कोणी छापतो म्हणाला तर द्याव्यात, पण सुधारू देऊ नये. एक संपादक म्हणाले होते, तुमच्या गोष्टीला शेवट नाही. त्यांना सांगावं, आता आहे.

आई म्हणते, असलं अभद्र लिहू नको. तिची तक्रार इथं नोंदवली. ओळ खोडणार नाय.

कलम ५. नाणी.

हे सगळ्यांना वाटतं तसं श्रीमंतांचं काम नाय. रविवारी सकाळी शहागंजात रस्त्याच्या कडेला पोत्यावर भंगार मांडून लोक बसतात. जुने नळ, कुलपं, चष्म्यांच्या काड्या, अन् एका डब्यात नाणी. त्या डब्यात हात घालून चाळायचं. बोटं काळी होतात, हाताला तांब्याचा कडू वास येतो, तो साबणानं जात नाय. आणि त्यातून एखाद्या वेळी चारमिनारच्या छापाचा निजामाचा रुपया हाताशी येतो. त्या क्षणी तोंड कोरं ठेवायचं, हीच खरी विद्या. कारभारीला ती येते. मला नाय येत. माझं तोंड बघून दुकानदार भाव चढवतो. म्हणून आमचं ठरलेलं आहे, शोधायचं मी अन् घ्यायचं त्यानं. मी सापडलेलं नाणं परत डब्यात टाकतो, खोकतो, निघून जातो. मागून तो येतो, आधी नळाचा भाव विचारतो.

आता चीड येते त्या गोष्टी. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार गोळ्या देतात, ही एक. माणसानं महिनाभर गोळ्या जमवायच्या काय? जुन्या रुपयाला कडी डाखून बायकांच्या गळ्यात घालतात, ही दुसरी. नाणं खणखणीत वाजायचं थांबतं, ठक्क करतं. तिसरी चीड घरातली. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आईनं माझे निजामाचे सगळे तांब्याचे पैसे चिंच अन् राख लावून घासले. शंभर वर्षांचा रंग एका दुपारी गेला. मी कामावरून आलो तर परातीत नवीकोरी तांबडी नाणी. "बघ कशी केली," म्हणाली. मी बाहेर जाऊन बसलो. कारभारीला सांगितलं तर हा हसत हसत म्हणाला, "मावशीनं टांकसाळ काढली."

तर वाटप असं. खुलताबादला मजारीच्या रस्त्यावर एकानं मला औरंगजेबाच्या काळातली म्हणून मोहर विकली. "मेरे दादा के खेत में निकली, भाई." ती शेतात निघालेली नाय, त्याच्या भावाच्या भट्टीत निघालेली आहे. ती त्याला परत द्यावी. पैसे मागू नयेत. फक्त पुढ्यात ठेवावी अन् त्याच्याकडं बघत उभं राहावं. हे काम कारभारीनं करावं, कारण पुन्हा तोंडाचा प्रश्न आहे.

बाकी सगळी नाणी, निजामाची, राणीची, राजाची, भोकाचे पैसे, स्वातंत्र्यानंतरची, पाकिटांसकट आणि पत्र्याच्या पेटीसकट कारभारीला. अट एकच, घासायची नाहीत.

आई यावर म्हणाली, "नेऊ दे की. निजामाचं काय ठिवायचंय आपल्याला."

बाबासाहेबांच्या शताब्दीचा जो रुपया सरकारनं काढला, त्याचं वेगळं लिहितो. माझ्या संग्रहात तो प्रत्येक टांकसाळीचा एकेकच आहे, ते बाकीच्या नाण्यांबरोबरच जातील. पण आईजवळ डबाभर आहेत. तिच्या हाती तो आला की बाजारात परत जात नाय. वस्तीतले लोक पण आणून देतात, ती रुपयाला रुपया मोजते अन् डब्यात टाकते. देशात कोणाकडं एवढे नसतील. त्यातला सगळ्यात सुंदर, एक ओरखडा नसलेला, तिनं भोक पाडून काळ्या दोऱ्यात गळ्यात घातलाय. मी लई भांडलो. तर ती माझ्याच पेटीतला राजाच्या काळचा भोकाचा पैसा काढून म्हणाली, "ह्याला भोक हाय ते चालतं व्हय रं?" मी तो पैसा तिच्या हातून घेतला अन् पेटीत परत ठेवला. तो डबा आणि ते गळ्यातलं तिचं आहे, त्याला कोणी हात लावू नये.

कलम ६. सरकलेला रुपया.

हा पण शताब्दीचाच. टांकसाळीत ठसा बसताना चकती सरकली असणार. बाबासाहेबांचा चेहरा एका कडेला गेला, अर्धा नाण्याच्या बाहेरच राहिला. चष्म्याची एकच काच दिसते. समोरच्या कडेला नुसती गुळगुळीत धातूची कोर, सालाचा आकडा नाय, काही नाय. अशी चुकलेली नाणी तिथंच पकडतात अन् वितळवतात. हा पहाऱ्यातून निसटला. असलं नाणं जमवणाऱ्याला जन्मात एकदा दिसतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं नुसता फोटो बघून दोनदा पत्र पाठवलं.

मला तो कारभारीनं दिला. कँटीनमध्ये समोशाचे सुट्टे परत आले, त्यात त्याला सापडला. त्यानं बघितला, कडेला धरून उलटा केला अन् माझ्यापुढं ठेवला. "घे. हा तुझ्याकडं पाहिजे." इतका मोठा ऐवज असा कोणी देत नाय. मी तरी दिला नसता. म्हणून माझ्यामागं तो त्याच्याकडं परत जावा असं मी आत्ता वाचून दाखवलं, आणि दशम्या बांधायच्या थांबल्या.

"त्यो तेवढा नाय," आई म्हणाली.

"का?"

"त्यो कोणाच्या घरी जायाचा नाय. तोंड तुटलेला बाबा लोकांनी हातात घिऊन बघायचा? हसायचं? गावागावात फोटू फोडले ते काय कमी झालं? त्यो सोनाराकडं दे, आटवून टाकू दे."

मी म्हणालो, तुटलेला नाय, सरकलेला आहे.

"तू शिकलास म्हणून सरकलेला."

मग ती कारभारीकडं वळली. "तुला पुरा घावला असता तर दिला असता का रं ह्याला? अर्धा व्हता म्हणून दिला."

कारभारी म्हणाला, "पुरा असता तर दुसऱ्या समोशाला गेला असता, मावशी."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. कारण तिच्या मनात दुसरंच आहे, आणि ते आज निघालं. उन्हाळ्यात कारभारीच्या बहिणीचं, मंजुळाचं लग्न झालं. आम्ही मायलेक त्याच्या गावाला गेलो होतो. आईला तंबाखू हवी होती. मी किराणा दुकानात खिशातला रुपया न बघता टाकला, तो नेमका शताब्दीचा. दुकानदारानं उलटा करून बघितला अन् परत सरकवला. "ह्यो नाय चालत. दुसरा द्या." आईनं विचारलं, सरकारी आहे ना? तो म्हणाला, "असंल सरकारी. इथं नाय चालत." शेजारी कारभारी उभा होता. त्यानं स्वतःच्या खिशातला रुपया ठेवला, तंबाखू उचलली अन् आम्हाला बाहेर आणलं. आईनं ती तंबाखू खाल्ली नाय. मांडवात जेवली, पोरीला आहेर केला, अन् घरी आल्यापासून कारभारीला चहा देते पण शेजारी बसत नाय.

"तवा तुझ्या तोंडाला कुलूप होतं का?" आज तिनं विचारलं.

"दारात मांडव होता, मावशी. हळद लागली होती. मी तिथं भांडलो असतो तर सोयरे उठून गेले असते."

"भांड कोण म्हणतंय? चालतो म्हणायचं. येवढा एक शब्द."

कारभारीनं पलंगाच्या पट्टीवर नख घासलं.

"नाय बोललो," तो म्हणाला. "खरंय. पुढच्या टायमाला गेलो तवा तसलाच रुपया टाकून काडीपेटी मागितली. त्यानं नाय दिली. मग मी त्याच्याकडं माल घ्यायचं सोडलं. आता गावाला गेलो की मीठ आणायला कोसभर लांब जातो. घरचे शिव्या देतात."

"हे मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय, तुमची तंबाखू वाया गेली ती गेली."

आईनं दशम्यांच्या फडक्याची गाठ मारली, सोडली, परत मारली. म्हणाली, "तरी त्यो रुपया आटवायचाच."

आणि कारभारी म्हणाला, "मावशी देणार नसंल तर मला नको. तिनं हातानं दिला तरच घेईन." आता हा हट्टाला पेटला.

म्हणजे एकीला वितळवायचाय, दुसऱ्याला घ्यायचा नाय, अन् मला दोन्ही पटतं. आईनं आयुष्यभर हा चेहरा पुरा बघायचा म्हणून चपला झिजवल्या, तिला अर्धा सोसत नाय. अन् मला तो सोडवत नाय, कारण एवढ्या यंत्रांतून, पहाऱ्यातून, खिशाखिशांतून तो आमच्या कँटीनपर्यंत आला. साहेबरावमामानं रिक्षा आणलीय. कोपऱ्यावरून हॉर्न वाजवतोय. साक्षीदार शेजारचे फकिरा आणि बालवाडीच्या वच्छलाबाई दारात येऊन उभे आहेत. वकील म्हणाले होते, साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, मी सही करताना त्यांनी बघायचं अन् माझ्यापुढं सही करायची. बरंच आहे.

कलम ७. हे कलम मी मोठ्यानं वाचत नाय. दोघांना वाटतंय मी वरचंच काही दुरुस्त करतोय.

सरकलेला रुपया मालकीनं कारभारीचा. राहणार मात्र आईच्या डब्यात, तिच्या बाकीच्या पुऱ्या रुपयांमध्ये. त्यानं तो विकायचा नाय अन् घरी न्यायचा नाय. तिनं तो आटवायचा नाय. त्याला बघावासा वाटला की त्यानं इथं यायचं, आईनं डबा उघडून स्वतःच्या हातानं त्याच्या हातावर ठेवायचा, अन् बघून झाला की परत घ्यायचा. महिन्यातून एकदा तरी बघितला पाहिजे, नायतर असल्या धातूवर डाग चढतो. (चढत नाय. कारभारी, हे वाक्य तिला वाचून दाखवू नको.) दर वेळी चहा होईल. तिनं शेजारी बसायचं. तिला एकटीपुरता चहा टाकायची सवय नाय, ती टाकणारच नाय, उपाशी राहील. भांडण करायचं असेल तर करावं, रुपया समोर ठेवून करावं.

आईला वाचता येत नाय, म्हणून हे कलम तिला कारभारीनंच वाचून दाखवायचं. स्वतःचं नाव येईल तिथं अडखळू नये.

मी परत आलो तरी हे कलम चालूच राहील.

दोघांना यावर काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. माझ्याजवळ ऐकायला वेळ नाय. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की हा कागद पलंगावर, कारभारीच्या मांडीवर ठेवतोय. चष्मा घातला, दशम्या घेतल्या. तो घडी उघडेपर्यंत रिक्षा मुकुंदवाडीच्या फाट्याला लागलेली असेल.

ठिकाण : मुकुंदवाडी, औरंगाबाद
दिनांक : २१ ऑगस्ट १९९२

लिहून देणार : सांडू कचरू दाभाडे (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर केली :
१. फकिरा सोनाजी म्हस्के (सही)
२. वच्छलाबाई रंगनाथ खरात (सही)