कुलूपबंद खोलीतली ऊब

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, काम डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात द्रव नायट्रोजन भरून तो गार ठेवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. भाऊजींचा होता, म्हणून त्यांनी आणलेला कागद सोडून दुसऱ्यावर लिहितोय. मागच्या खेपेला वरच्या विरळ हवेत माझ्या फुप्फुसांत पाणी झालं. डॉक्टर पुन्हा जाऊ नको म्हणतात. उद्या जाणार आहे.

१. भिंतीवरचं धुळीच्या ढगाचं चित्र ताईला. नुसत्या डोळ्यांना तिथे आकाशात काळं भगदाड दिसतं. आमचा कॅमेरा अवरक्त उजेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी ऊब, पाहतो, त्यात त्याच भगदाडात कोवळे तारे दाटीवाटीने बसलेले सापडतात. वेधशाळेतल्या मॅडम म्हणतात, त्यातले काही अजून धड पेटलेलेही नाहीत. मला ही मंडळी पहिल्यापासून संशयास्पद वाटतात. एवढं लपायचं कारण काय? या नोकरीआधी मी ट्रकवर होतो, मग एका सर्कशीत जनरेटर सांभाळला, तिथला मॅनेजर तर... असो, त्याला काही द्यायचं नाही.

२. जाड जॅकेट माझ्या जागी येईल त्याला. खिसे मी तपासलेत, त्यानेही तपासावेत.

३. थंडी कुठून गळते ते वस्तूंच्या उबेवरून दाखवणारा हातातला कॅमेरा वेधशाळेचा आहे, तिथे परत करावा. दुरुस्तीला आणला होता, चोरलेला नाही.

४. ही खोली. आईने घर ताईला दिलं आणि मागची ही एक खोली मला. भाऊजींना ती भाड्याने द्यायची आहे. मागच्या महिन्यात न कळवता दुपारीच खाली आलो. पुढच्या दाराला माझं कुलूप जसंच्या तसं. पलंगावर सुरकुतीही नाही. दुरुस्त झालेला हातातला कॅमेरा चालतो का पाहावं म्हणून सहज फिरवला, तर चादरीवर अख्खं माणूस उमटलेलं, खांद्यापाशी अजून गरम. मी थेट भाऊजींना धरलं. ते हसले, म्हणाले माझं डोकं वरच राहिलंय. मला तर तेव्हा त्यांनी भाडेकरू आणूनच ठेवलाय असं वाटलं.

ताईने भांडी घासता घासता सांगितलं. "मीच असते तिथं. मागच्या दारानं जाते. पुढचं कुलूप बघून हे शोधत येत नाहीत."

"आणि आले तर?"

ती म्हणाली, "म्हणून तर झोप लागत नाही."

तिने सगळं सांगितलं असं मला वाटत नाही. विचारलंही नाही. ही खोली एकट्या ताईची. भाड्याने देऊ नये, विकू नये, भाऊजींना किल्ली देऊ नये, "जरा सामान ठेवतो" म्हणाले तरी. मागच्या दाराला आतून कडी नव्हती, ती मी आज सकाळी बसवली.

साक्षीदार: गल्लीतला शिंपी (सही). वेधशाळेच्या जीपचा ड्रायव्हर (सही). मी सही करताना दोघांनी पाहिलं, ते करताना मी पाहिलं.

लिहून ठेवणार: (सही)
दिनांक: ९ नोव्हेंबर
ठिकाण: खोलीच्या मागची पायरी. ताई आत झोपली आहे. दार मी तीनदा ढकलून पाहिलं, उघडत नाही.