बारा मिनिटांचा वारसा

ती. ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डोकं ठिकाणावर आहे का, हे हल्ली सगळं शहर विचारतंय). तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमच्या शहराची तटबंदी, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा. इकडे सगळे खुशाल. दोन रविवार तुझा फोन नाही, म्हणजे तू रागावली आहेस. फोन बिघडलाय का, हे मी चारदा उचलून बघितलं.

पत्रास कारण तो समारंभ. दोन प्राचीन शहरांनी नातं जोडायचं, इथपर्यंत ठीक होतं. पण तुमची तटबंदी नऊशे वर्षांची निघाली, म्हणून आमच्या नगराध्यक्षांनी आमची नऊशे सहा केली (वरची सहा सभागृहात एकमताने मंजूर झाली). तुमच्याकडे दगडा-दगडाला पाटी, आमच्याकडे दगडा-दगडावर वाळत घातलेली चादर. ठरलं असं, की आमच्याकडे दुपारचे चार आणि तुमच्याकडे सकाळचे साडेअकरा झाले, की दोन्ही मनोऱ्यांच्या घंटा एकदम वाजवायच्या आणि पडद्यावर शहरांनी एकमेकांना डोळे भरून बघायचं.

मनोऱ्याचं घड्याळ आपल्या आबांनंतर माझ्याकडे. ते बारा मिनिटं पुढे असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळे मान वर करतात, मनात बारा वजा करतात आणि वेळेवर पोचतात (मोबाइल आपल्याकडे फोटोपुरता). पण परक्यांसमोर शोभा नको, म्हणून आदल्या दिवशी कुणाला न सांगता मी घड्याळ बरोबर केलं. काटे उलटे फिरवायचे नसतात, म्हणून लंबक हातात धरून बारा मिनिटं उभा राहिलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. शहराने नेहमीप्रमाणे वजाबाकी केली! चारच्या ठोक्याला चौकात नगराध्यक्ष, मी, बँडपैकी एकटा ढोलवाला आणि एक कुत्रं. पडद्यावर तुमचं अख्खं शहर, पहिल्या रांगेत तू, जावांना 'आता बघा आमची माणसं' असं सांगत असलेली (आवाज येत नव्हता, पण तुझी मान मला वाचता येते). नगराध्यक्ष बोलले, कुत्र्याने जांभई दिली, पडदा बंद झाला. आणि मग चारही रस्त्यांनी शहर लोटलं, हातात फुलं घेऊन. ताई, तुझी मान खाली गेली ती माझ्यामुळे. माणसं आली होती गं.

दुसऱ्या दिवशी वारसा समितीने मला उभं केलं. पेन्शनीतले हेडमास्तर कडाडले, "ती बारा मिनिटं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. ती दुरुस्त करणारा तू कोण लागून गेलास?" आठ दिवसांत मिनिटं परत कर, नाहीतर किल्ल्या जमा कर, असा लेखी हुकूम निघाला. मीही सांगितलं, मी घड्याळजी आहे, जाणूनबुजून चुकीची वेळ लावणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. भावजींना हे मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
धाकटा

ता. क. : आज सकाळी काटे बारा मिनिटं पुढे केले. समितीला भिऊन नव्हे. सगळं जग आपल्यात साडेचार तासांचा फरक धरतं, तू मात्र इतकी वर्षं मनोऱ्याचा, बारा मिनिटं जास्तीचा, धरतेस. दर रविवारी मनोऱ्यावर रात्रीचे दहा वाजले की तुझा फोन. दोन रविवार बरोबर चालणाऱ्या घड्याळाखाली बसून मला करमलं नाही. येत्या रविवारी फोन कर. भांडायला कर, पण कर.

आणखी एक : समिती मनोऱ्याखाली पाटी लावते आहे, 'बारा मिनिटे : शहराचा प्राचीन वारसा'. मी गप्प आहे. किल्ल्या देताना आबांनी मला खरं काय ते सांगितलं होतं, आणि तुला सांगू नकोस असंही. तू सातवीत होतीस. शाळा आपल्या घड्याळावर भरायची, तू मनोऱ्याकडे बघून निघायचीस, रोज उशिरा पोचायचीस आणि वर्गाबाहेर उभी राहायचीस. तुला लवकर ऊठ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी सगळं शहर बारा मिनिटं पुढे ढकललं.